लहान गाड्या कुठं गेल्या, आणि साडेपाच लाखांत तुम्ही काय घ्यावं

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमची अडचण अशी दिसते: जुळे सोलापुरात राहता, पतसंस्थेत नोकरी, घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आजवर सगळं एका स्कूटरवर भागवलंत. आता गाडीसाठी ऑन-रोड, म्हणजे टॅक्स आणि विमा धरून, साडेपाच लाखांपर्यंत जायची तयारी आहे, त्यातले दीड लाख हातात आहेत. शोरूममध्ये गेलात तर लहान गाडी दाखवायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं. उलट साडेनऊ लाखांची उंच गाडी "हप्ता फक्त तेरा हजार" म्हणून पुढं केली. म्हणून तुम्ही विचारताय की लहान स्वस्त गाड्या बंद का पडल्या, थोडं थांबलं तर परत येतील का, की सरळ जुनी घ्यावी?

मी सोलापुरात बऱ्याच वर्षांपासून सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचं गॅरेज चालवतो. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० पासून आजच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सध्याचे सरकारी निकष) गाड्यांपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. अलीकडं गिऱ्हाइकांसाठी जुनी गाडी तपासून देणं हा कामाचा मोठा भाग झालाय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन शिक्षक येतात, टॉवेल कारखान्यातले लोक येतात, एमआयडीसीतले सुपरवायझर येतात. स्कूटर पुरत नाही आणि शोरूममधली गाडी परवडत नाही, या दोन्हींच्या मध्ये ही माणसं अडकलेली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक स्पष्ट करतो. कोणती गाडी घ्यायची हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. घरखर्च, मुलांची फी, आईची औषधं भागवून दर महिन्याला किती रुपये आणि किती वर्षं गाडीसाठी बांधून ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर नक्की झालं की गाडी आपोआप ठरते. शोरूममध्ये नेमकं उलट चालतं. तिथं गाडी आधी ठरते आणि मग तिच्या मापाचा हप्ता बेतला जातो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. महिन्याला गाडी किती चालणार? नुसतं शहरात, की दर आठवड्याला गावाकडं मंगळवेढ्याच्या बाजूला? दारात सावलीची जागा आहे का? आईच्या गुडघ्यांना खाली बसून उठणं जमतं का? पतसंस्थेतून कर्मचारी म्हणून कमी दरानं कर्ज मिळतं का? यातलं एक उत्तर बदललं तरी माझा सल्ला थोडा बदलेल. कुठं बदलेल ते पुढं सांगत जाईन.

आता "का" याकडं येतो. कारण ते कळलं तरच थांबायचं की नाही हे ठरवता येईल.

लहान गाडीची गरज संपली म्हणून ती संपली, असं नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा किंमत सत्तेचाळीस हजारांच्या घरात होती. तेव्हाही ती सगळ्यांना परवडत नव्हती, पण पुढची तीस वर्षं स्कूटरवरून गाडीवर जायची पायरी तीच राहिली. २००० साली अल्टो आली. २००९ मध्ये एक लाखाची म्हणून नॅनो आली. २०१० ते २०१६ या काळात साडेतीन-चार लाखांच्या आत किती नावं होती आठवून पाहा: अल्टो, इऑन, स्पार्क, नॅनो, क्विड, रेडी-गो. सोलापुरात यातली प्रत्येक गाडी गल्लोगल्ली दिसायची. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. स्पार्क बनवणाऱ्या शेव्हरोलेनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. नॅनो २०१८ मध्ये आणि इऑन २०१९ मध्ये गेली. सँट्रो २०१८ मध्ये परत आली आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली. त्याच वर्षी रेडी-गो बनवणारी डॅटसन गेली. २०२३ मध्ये अल्टो ८०० संपली. आता अल्टो के१०, एस-प्रेसो, क्विड, सेलेरिओ, वॅगन-आर, टियागो एवढीच मोजकी नावं उरलीत, आणि त्यातल्याही वरच्या व्हेरियंटची किंमत तुमच्या आकड्याच्या पुढं जाते.

विक्रीचे आकडेही हेच सांगतात. २०१५-१६ मध्ये पाच लाखांच्या आतल्या गाड्या देशभरात नऊ लाखांवर विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये तो आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. त्याच वर्षी सगळ्या मिळून सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या जवळपास २८ लाख एसयूव्ही आणि तत्सम होत्या. म्हणजे गाड्यांचा बाजार वाढला, आणि तुमच्या ऐपतीची गाडी त्या बाजारातून बाहेर पडली.

हे कसं झालं? २०१७ ते २०२३ या सहा वर्षांत एकामागून एक नियम आले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलला आणि २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना धडक चाचणीचे निकष लागू झाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आणि वेगाची सूचना देणारा बझर आला. २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग लागली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली आणि एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१८ पासून, नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं बंधनकारक झालं.

आता गोम कुठं आहे ती बघा. एअरबॅग, एबीएसचं मॉड्यूल, सेन्सर, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे भाग गाडी लहान आहे म्हणून त्या प्रमाणात स्वस्त होत नाहीत. समजा या सगळ्यानं गाडीमागं पन्नास हजारांचा खर्च वाढला. तीन लाखांच्या गाडीला ती सोळा-सतरा टक्के वाढ झाली. बारा लाखांच्या गाडीला चार टक्के. बारा लाखांचं गिऱ्हाईक तेवढ्यासाठी थांबत नाही. तीन लाखांचं गिऱ्हाईक स्कूटरच सर्व्हिसिंग करून घेतं आणि घरी जातं. अल्टो ८०० चं ७९६ सीसी इंजिन मी असंख्य वेळा उघडलंय. साधं, टिकाऊ, कमी खर्चाचं इंजिन होतं. पण दुसऱ्या टप्प्याच्या निकषांत बसवण्यासाठी त्यावर पुन्हा पैसे ओतणं कंपनीला परवडण्यासारखं नव्हतं, आणि ते तिथंच संपलं.

मला सुरक्षेच्या नियमांना दोष द्यायचा नाही, हे ठामपणे सांगतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत अल्टो ८०० आणि नॅनो दोन्हींना शून्य तारे मिळाले होते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या गाड्या माझ्याकडं येतात. एअरबॅग उघडलेली गाडी आणि एअरबॅग नसलेली गाडी यातला फरक मला कुठल्या अहवालात वाचावा लागत नाही. नियम यायलाच हवे होते. चूक कराची होती. सुरक्षेचा खर्च वाढत असताना सामान्य घराच्या पहिल्या गाडीवरचा कर मात्र २०१७ पासून आठ वर्षं २९ टक्क्यांवर तसाच ठेवला: २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का उपकर. जे घर एअरबॅगवाली गाडी परवडत नाही म्हणून दोन मुलांना पुढं-मागं घेऊन स्कूटरवर तुळजापूर रोडनं जातं, त्याची सुरक्षा कुणी मोजली नाही.

करातली दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. सरकारी हिशोबात लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. ही व्याख्या २००६ च्या अर्थसंकल्पापासून चालत आलीय. तिच्यात किंमत नाही, वजन नाही, उंची नाही. त्यामुळं कंपन्यांनी चार मीटरच्या आतच उंच, रुंद, मोठ्या चाकांच्या गाड्या काढल्या. पंच किंवा एक्स्टरसारख्या उंच गाडीवर जो टक्का लागतो तोच अल्टोवर लागतो. एकाच कराच्या खणात कंपनीला साडेतीन लाखांची गाडीही विकता येते आणि नऊ लाखांचीही. नफा कशात जास्त आहे हे उघड आहे. २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा होता तेव्हा हातात असलेल्या चिपा महागड्या मॉडेलमध्येच आधी गेल्या. यात कंपन्यांनी काही बेकायदा केलं नाही, पण तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाकडं त्यांचं लक्ष उरलं नाही.

तिसरं कारण हप्त्याचं. पूर्वी गाडीचं कर्ज तीन किंवा पाच वर्षांचं असायचं. आता सात वर्षं सर्रास झालीत. सात वर्षांवर पसरलं की नऊ लाखांची गाडीही आवाक्यात आल्यासारखी वाटते. ज्यांना खरंच परवडतं ते वर गेले, ज्यांना ओढून-ताणून परवडतं तेही वर गेले, आणि ज्यांना अजिबात परवडत नाही ते जुन्या गाडीकडं वळले किंवा स्कूटरवरच राहिले. लहान नव्या गाडीला गिऱ्हाईक उरलं नाही असं जे म्हणतात, त्यांनी या तिसऱ्या गटाकडं बघितलेलंच नसतं.

मग थांबावं का? माझं उत्तर नाही असं आहे. किंमत खाली येण्याचं मोठं कारण होऊन गेलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्यानंतर एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या आणि अल्टो के१० पावणेचार लाखांच्या थोडी आत, एक्स-शोरूम (म्हणजे टॅक्स आणि विमा धरण्याआधी), सुरू व्हायला लागली. मागणीही वाढली. पण एवढी कपात पुन्हा लगेच होईल असं मला दिसत नाही. शिवाय इंधन वापराचे पुढचे, जास्त कडक निकष एप्रिल २०२७ पासून यायचे आहेत. लहान गाड्यांना त्यात सवलत द्यावी की नाही यावर कंपन्यांमध्येच वाद आहे. निकष कसेही आले तरी त्यांच्यामुळं गाडी स्वस्त होत नसते.

थांबू नका म्हणण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी रोज बघतो. जुन्या गाड्यांचा साठा नव्या गाड्यांच्या विक्रीतूनच तयार होतो. २०१९ नंतर लहान गाड्या कमी विकल्या गेल्या, म्हणून आज पाच वर्षं जुन्या, एका हातातल्या, धड अवस्थेतल्या अल्टो आणि वॅगन-आर कमी आहेत. चांगली गाडी पाहणाऱ्याच्या हातात दोन दिवस टिकत नाही. त्यामुळं त्यांच्या किमती नव्या गाडीच्या मानानं चढ्या राहिल्यात. पुढची काही वर्षं हा साठा आणखी आटणार आहे. "आता नको, दोन वर्षांनी जुनी घेऊ" हा विचार म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

आता तुमचे आकडे मांडू. साडेचार लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ४९,५०० रुपये. इंजिन १००० सीसीच्या आत असेल तर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा ६,५२१ रुपये, त्यावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, पासिंग, नंबर प्लेट, फास्टॅग. सव्वापाच ते साडेपाचच्या मध्ये तुम्ही पोचता. दीड लाख भरून चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ८,४०० आणि एकूण व्याज लाखभर. तुम्हाला दाखवलेली साडेनऊ लाखांची गाडी त्याच दीड लाखावर घेतली तर आठ लाखांचं कर्ज, सात वर्षं, हप्ता सुमारे १३,१००. व्याज जवळपास तीन लाख. शेवटचा हप्ता फेडाल तेव्हा मोठं लेकरू कॉलेजच्या दारात असेल, आणि नेमका तेव्हाच पैसा लागतो. हप्त्याच्या आकड्यातला फरक साडेचार-पाच हजारांचा दिसतो, पण दोन वर्षं जास्त आणि व्याज तिप्पट, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

हप्त्यासोबत पेट्रोल, वर्षाचा विमा आणि सर्व्हिसिंगही येतं. शहरात महिना पाच-सहाशे किलोमीटर चालणाऱ्या लहान गाडीला पेट्रोल आणि देखभाल मिळून पाच हजार धरून चाला. तुमच्या हातात येणाऱ्या पगाराचा पाचवा हिस्सा या सगळ्यात मिळून जात असेल तर ठीक. तिसरा हिस्सा जात असेल तर नवी गाडी सोडून द्या, कितीही आवडली तरी.

इथपर्यंतचा हिशोब असा झाला: थांबण्यात फायदा नाही, नऊ लाखांकडं वळण्यात धोका आहे, आणि साडेपाचात नवी लहान गाडी किंवा साडेतीन-चारात चांगली जुनी, हे दोनच रस्ते उरतात.

नवी घेणार असाल तर एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. आजची अल्टो के१० सहा एअरबॅगसह येते. दहा वर्षांपूर्वीच्या लहान गाडीत यातली एकही सक्तीची नव्हती. पण एअरबॅग वाढल्या म्हणून पत्रा बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा. २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत, दोनच एअरबॅग असताना, के१० ला मोठ्या माणसांच्या सुरक्षेचे दोन आणि वॅगन-आरला एक तारा होता. टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. तुमचं हायवेवर जाणं जास्त असेल, म्हणजे महिन्याला पुणे किंवा हैदराबाद, तर मी टियागोच्या खालच्या व्हेरियंटकडं आधी बघेन. शहर, पंढरपूर, अक्कलकोट एवढंच असेल तर के१० किंवा सेलेरिओ पुरे. आईला खाली वाकून बसणं जमत नसेल तर वॅगन-आरची सीट उंच आहे आणि दरवाजा मोठा उघडतो. आईला सोबत घेऊन जा आणि शोरूममध्ये गाडीत चार वेळा बसायला-उठायला लावा. त्यात लाजायचं काही नाही.

सगळ्यात खालच्या व्हेरियंटमध्ये एसी आणि पॉवर स्टिअरिंग आहे का हे लेखी विचारा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो. एसी नसलेली गाडी तुम्ही दोन महिने वापरणारच नाही. बाहेरून एसी बसवून घेण्याच्या फंदात पडू नका. सीएनजीसाठी ऐंशी-नव्वद हजार जास्त जातात आणि डिकी सिलिंडरनं भरते. पाच माणसं आणि सामान घेऊन गावाला जायचं तर ती डिकी लागते. महिना हजार किलोमीटरच्या आत चालवणार असाल तर साधं पेट्रोल घ्या. खालचं व्हेरियंट शोरूममध्ये उभं नसतंच, मागवावं लागतं. "ते येत नाही साहेब" असं ऐकू आलं तर बुकिंगची पावती व्हेरियंटच्या नावासह मागा. पावती मागितली की बहुतेक वेळा ते यायला लागतं. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज आणि तिथलाच विमा बंधनकारक नाही. विम्याचा दर बाहेरून दोन ठिकाणी विचारा.

जुनी घेणार असाल तर मी २०२० नंतरची, बीएस-६, पहिल्या मालकाची, सोलापूरची एमएच-१३ किंवा शेजारच्या जिल्ह्यातली पासिंग असलेली गाडी शोधेन. एप्रिल २०२३ नंतर बनलेली मिळाली तर आणखी बरं, कारण ती वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली असते आणि आता पंपावर तेच मिळतं. आधीची गाडी त्यावर चालतच नाही असं नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं आणि इंधनाचे रबरी पाइप, सील वेळेवर बदलावे लागतात. दहा-बारा वर्षांच्या पुढची गाडी कर्जावर घेऊ नका. बँक दर जास्त लावते आणि पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, पाच हजार फी, पर्यावरण कर, फिटनेस हे सगळं दारात उभं राहतं. डॅटसन, शेव्हरोले, फोर्ड, नॅनो स्वस्तात दिसतील. फोर्डची गाडी मजबूत आहे हे मी मान्य करतो. पण एका सेन्सरसाठी किंवा हेडलाइटसाठी आठ-आठ दिवस गाडी उभी राहिलेली मी बघतो. एकच गाडी असलेल्या घराला ते झेपत नाही.

इथल्या गाड्यांचे काही दोष खास इथलेच आहेत. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. ते जड असतं, आत क्षार धरतात, रेडिएटर आणि इंजिनच्या वरच्या भागातले, म्हणजे हेडमधले, पाण्याचे मार्ग चोंदतात, आणि मे महिन्यात इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या टाकीचं झाकण उघडा. पाणी हिरवं, निळं किंवा लाल असेल तर कूलंट आहे. पांढुरकं किंवा तांबूस गढूळ असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर तिथूनच मागं फिरा.

गावाकडच्या मुरमाच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीचे लोअर आर्म, बुश आणि स्टिअरिंग रॅक, म्हणजे पुढच्या चाकांना धरणारे आणि वळवणारे भाग, आधी बोलतात. खडबडीत रस्त्यावर काचा वर करून, टेप बंद ठेवून, हळू चालवा. पुढून खडखड ऐकू आली तर खर्च मोजा. तो जीवघेणा नसतो, पण किमतीतून वजा व्हायला हवा.

पुराच्या गाडीपासून मात्र खरंच जपा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या गावांत पाणी शिरलं होतं. त्याआधी २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापुरात. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि आत गाळाची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेट उचलल्यावर कुबट वास, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात माती, यातलं एकही दिसलं तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. वायरिंग पुढं कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि एअरबॅगचं मॉड्यूलही त्याच वायरिंगवर चालतं.

मीटरवर विश्वास ठेवू नका. पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरच्या सीटची कड, टायरवरचा चार आकडी शिक्का (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष) हे सगळं मीटरशी जुळायला हवं. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं क्लच पॅडल गुळगुळीत झालेलं नसतं. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जात असेल तर मालकाला सोबत घेऊन नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढा. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, किती आहे बघा. पाच वर्षांच्या गाडीला बोनस शून्य असेल तर क्लेम कशासाठी घेतला ते विचारा.

कागदांचं तेवढंच महत्त्व आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बँकेची ना-हरकत (एनओसी) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घ्या. थकलेले ई-चलान तपासा. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर, सही घेऊन गाडी वर्षभर आधीच्या मालकाच्या नावावर तशीच फिरवणारे खूप आहेत. अपघात झाला तर त्यात दोघंही अडकतात. पैसे दिले त्याच आठवड्यात आरटीओचं काम सुरू करा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर ते आरसीवर नोंदलेलं हवं आणि सिलिंडरची तपासणी मुदतीत झालेली हवी. डीलरकडून घेतली तर त्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो आणि तो किमतीत येतोच. ओळखीतली, थेट मालकाकडून मिळाली तर तेवढे वाचतात, पण मग वॉरंटी नाही. म्हणून दोन्ही वेळा स्वतःचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघायची. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जायचं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. पगारी नोकरी आहे, दीड लाख हातात आहेत, गाडी घरातली पहिलीच आहे आणि गाड्यांची पारख असलेलं घरात कुणी नाही. अशा घराला मी नवी लहान गाडीच घ्यायला सांगेन, एसी असलेलं सगळ्यात खालचं व्हेरियंट, पाच वर्षांचं कर्ज. वॉरंटीच्या काळात अचानक मोठा खर्च निघत नाही आणि तुमचा हिशोब मोडत नाही. पतसंस्थेतून आठ-साडेआठ टक्क्यांनी मिळालं तर आधी तेच घ्या. कर्ज आधीच दुसरं चालू असेल, किंवा महिन्याला तीनशे किलोमीटरच्या आतच चालणार असेल, तर जुनी घ्या, आणि साडेतीन लाखांची घेऊन चाळीस-पन्नास हजार पहिल्या वर्षाच्या टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शनसाठी बाजूला ठेवा. ते पैसे गाडीच्या किमतीत घालू नका. इलेक्ट्रिकचा विचार या बजेटमध्ये आज मी करणार नाही. आणि नऊ लाखांचा विषय पुन्हा निघाला तर एवढंच विचारा की सातव्या वर्षापर्यंत एकूण किती रुपये जातील, आणि तो आकडा त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या.

महिन्याचं रनिंग, आईचं बसणं-उठणं आणि कर्जाचा दर, या तीन गोष्टी कळवल्यात तर कोणतं मॉडेल आणि कोणतं व्हेरियंट हे मी नेमकं सांगू शकेन. जुनी बघितलीत तर पासिंगचं साल, मीटरवरचे किलोमीटर, कितवा मालक आणि मागितलेली किंमत लिहा. टोकन द्यायच्या आधी लिहा.